दोन डावे बैल

सोपानराव गेल्याची बातमी मला मोबाइलवर कळली आणि खरं सांगायचं तर मी ती आधी खरी मानलीच नाही. आमच्या जुन्या नाटकवाल्या मंडळींचा एक ग्रुप आहे. त्यावर सकाळी फुलं, दुपारी मधुमेहावरचे उपाय आणि संध्याकाळी कुणाचं तरी निधन, असा क्रम ठरलेला. या ग्रुपने आजवर निदान दोन जिवंत माणसांना श्रद्धांजली वाहिलेली आहे; त्यातला एक तर ग्रुपवरच होता आणि त्याने खाली ‘धन्यवाद’ असं लिहिलं होतं. तेव्हा खात्री करावी म्हणून मी थेट सोपानरावांच्याच नंबरवर फोन लावला. गेलेल्या माणसालाच फोन करून तो गेला का हे विचारण्यातला विचित्रपणा पलीकडे रिंग वाजायला लागल्यावर माझ्या लक्षात आला. फोन त्यांच्या पत्नीने, शांतावहिनींनी उचलला. मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, “गेले वो ते, भावजी. काल दुपारी. जेवून जरा आडवे झाले, ते उठलेच न्हाईत.” मी काहीतरी पुटपुटलो आणि फोन ठेवला. त्या क्षणी मनात जे पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं, हे इथे लिहून टाकतो. मनात आलं ते असं, की आता हा माणूस मला कधीच सांगणार नाही. अठरा वर्षं एक प्रश्न मी उशाशी घेऊन झोपत होतो. सोपानरावांनी त्या दिवशी अख्ख्या गावासमोर माझं हसं मुद्दाम करवलं होतं की नाही?

मी सदाशिव पेठेतला. एका शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं आणि उरलेल्या वेळात नाटकं लिहिली, बसवली आणि दुसरं कुणी मिळत नसलं की त्यात कामंही केली. नाटकं बहुतेक शेतकऱ्यांच्या जगण्यावरची. माझ्याकडे शेती म्हणाल तर गॅलरीतल्या सहा कुंड्या, त्यातल्या दोन रिकाम्या. पण हौशी स्पर्धांमध्ये त्या काळी माती लागलेल्या नाटकाला वजन असे आणि मलाही मनापासून वाटे की आपण शहरात बसून या माणसांची झुंज आणि त्यांची दोस्ती लिहिली पाहिजे. असंच एक नाटक संपल्यावर मेकअप उतरवत असताना पांढरी टोपी आणि इस्त्रीचा सदरा घातलेले एक गृहस्थ आत आले. भाजी घेऊन मार्केट यार्डात आले होते, तिथून चालत नाटकाला आले होते. नमस्कार केला आणि म्हणाले, “नाटक झकास हाय. फकस्त तुमचा हिरो नांगराच्या पुढं उभा राहून भाषण करतो. तिथं बैलं असत्यात. तुडवतील की त्याला.” मी तिथल्या तिथे त्यांना पुढच्या नाटकात घेतलं. लोणी काळभोरचे सोपानराव माझ्या आयुष्यात आले ते असे, माझी चूक हातात घेऊन.

ही पहिली भेट लक्षात ठेवा, कारण पुढे माझा सगळा संशय तिच्यावरच उभा राहिला. जो माणूस अनोळखी लेखकाला आत येऊन नांगराची चूक सांगतो, तो पुढे ओळख झाल्यावर गप्प का बसेल?

तालमी आमच्या शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी व्हायच्या. सोपानराव लोणीहून बस पकडून यायचे आणि सदाशिव पेठेतल्या मंडळींच्या पंधरा मिनिटं आधी हजर असायचे. संहितेच्या प्रतीला त्यांनी वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं असे आणि खिशात एक बोटभर तांबडी पेन्सिल. माणूस अभिनयात सरस होता. म्हणजे अभिनय असा तो करतच नसे. स्टेजवर बसून तंबाखू मळायला लागला की प्रेक्षकांच्या हाताला वास येई. पहिल्याच आठवड्यात एक प्रसंग घडला. माझं वाक्य होतं, “मी शेतात पाणी सोडायला जातो.” सोपानराव म्हणाले, “म्या दारं धराया जातो.” मी तालीम थांबवली. मला शब्द बदललेला चालत नाही, शाळेतही चालत नसे. मी सगळ्यांसमोर म्हटलं, “सोपानराव, लेखक मी आहे. जे लिहिलंय तेच बोलायचं. काना-मात्रासुद्धा बदलायची नाही.” कुणीतरी मागे खुदकन हसलं. सोपानराव “बरं सर” म्हणाले, पेन्सिल काढून प्रतीवर काहीतरी लिहिलं आणि पुढे अगदी शुद्ध मराठीत शेतात पाणी सोडायला गेले. मला तेव्हा आपण शिस्त लावली याचं समाधानच वाटलं होतं.

त्या प्रतीत ते काय लिहितात, हे मात्र त्यांनी कधी दाखवलं नाही. मी जवळ गेलो की पान मिटायचं. नटांना अशा सवयी असतात हे मला माहीत होतं, पण मनात पाल चुकचुकायचीच. इतकं काय लिहायचं असतं?

मग मी ‘अर्धी जोडी’ लिहिलं. माझं सगळ्यात गाजलेलं नाटक आणि आता ज्याचं नाव मी स्वतःहून काढत नाही तेही हेच. कल्पना सोपानरावांच्याच बोलण्यातून मिळाली होती. ज्याच्या दावणीला एकच बैल उरलाय असे दोन शेतकरी सावड करतात, म्हणजे आपापला बैल आणून एक औत जोडतात आणि पाळीपाळीने दोघांची रानं करतात. पाऊस उघडल्यावर जमीन पेरायला नेमकी तयार होते, त्याला वाफसा म्हणतात. तो असतो चार दिवसांचा. माझ्या नाटकातल्या भिवा आणि तुकाकडे तेवढेच चार दिवस आहेत आणि पहिली पाळी कुणाची यावरून, मग तू माझ्या बैलाला जास्त राबवलंस यावरून त्यांची दोस्ती विस्कटते. भिवा सोपानराव, तुका मी. धोतर मला कधी नीट नेसता आलं नाही. दुसऱ्या अंकात ते सोपानरावच बोलता बोलता सावरून द्यायचे. पहिल्या अंकात सावड ठरते तिथे भिवा म्हणतो, “माझा हरण्या डाव्या अंगाचा.” त्यावर मी, तुका, दोन्ही हात पसरून म्हणतो, “अन् माझा गुलब्याही डाव्या अंगाचा! एका वळणाची दोन जनावरं, एका वळणाची दोन माणसं. जोडी जमणारच!”

या वाक्यावर मी फार खूश होतो. पुण्यातल्या प्रयोगाला त्यावर टाळी पडली. एका समीक्षकाने ‘दोन समदुःखी जीवांचं एकाच बाजूला झुकणं’ असं काहीतरी लिहिलं, ते कात्रण मी अजून ठेवलंय. एकाही पुणेकराला काही खटकलं नाही. खटकणार कसं? पुण्यात डावी-उजवी बाजू कळते ती फक्त सम-विषम तारखेच्या पार्किंगची.

लोणीचा प्रयोग यात्रेतला, शाळेच्या पटांगणावर, उन्हं उतरल्यावर. सोपानरावांचीच इच्छा होती की गावाने नाटक बघावं. आम्ही सकाळीच टेम्पोतून सामान घेऊन पोचलो आणि मी पडदे लावायला उभा राहिलो. तेव्हा मी पाहिलं की सोपानराव घराघरात जातायत. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांजवळ वाकून काहीतरी सांगतायत. चहाच्या टपरीवर चार जणांना बाजूला घेतायत. ज्याच्याशी बोलतील तो एकदा माझ्याकडे बघायचा आणि मान हलवायचा. मी पाणी प्यायला म्हणून टपरीपाशी गेलो, तर बोलणं तिथल्या तिथे बंद. मी विचारलं, “काय सांगत होता हो गावाला?” त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. “काय नाय सर. असंच.” सोपानरावांना खोटं बोलता येत नसे आणि त्या दिवशी तर ते मुळीच जमलं नाही.

पहिला अंक. भिवा म्हणाला, “माझा हरण्या डाव्या अंगाचा.” मी हात पसरले आणि माझं वाक्य फेकलं. पुढे जे झालं तसं मी पुन्हा कुठल्याच प्रयोगात अनुभवलं नाही. सातशे-आठशे माणसं होती, एक चिटपाखरू हललं नाही. पुढच्या ओळीतले म्हातारे सगळे एकदम स्वतःच्या पायताणांकडे बघायला लागले. बायकांनी पदर तोंडाला लावले. मला वाटलं, रंगलंय. तेवढ्यात डाव्या बाजूने एक जण खणखणीत आवाजात ओरडला, “अहो पावणं, दोन्ही डावं बैल? औत काय गरागरा फिरवायचंय व्हय?” आणि ते पटांगण फुटलं. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं हसू एकदम बाहेर पडलं. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. औताला एक बैल डावीकडे चालणारा लागतो आणि एक उजवीकडे. ज्याला जी बाजू लावली ती त्याची जन्माची. दोन्ही डावे असले तर जोडीच होत नाही. शाळेत न गेलेल्या पोरालाही जे ठाऊक, ते मी नाटकाच्या मुळाशीच चुकवून ठेवलं होतं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी फक्त एवढंच दिसलं की माझ्यासमोर सोपानराव उभे आहेत, टोपी तोंडावर धरली आहे आणि त्यांचे खांदे गदगदा हलताहेत.

प्रयोग आम्ही पूर्ण केला. टेम्पोत बसेपर्यंत हिशेब मी जुळवून टाकला होता: नांगराची चूक एका मिनिटात सांगणाऱ्या माणसाला ही चूक पहिल्या वाचनालाच दिसली असणार. ती त्याने जपून ठेवली. मग गावात घरोघर फिरून सांगून आला, की बघा, आज पुण्याचा मास्तर काय बोलतो ते, हसायला तयार राहा. ‘दारं धरतो’चा बदला. सरळ होतं सगळं. मी त्यांना कधी विचारलं मात्र नाही. विचारलं तर ते “काय नाय सर” म्हणतील आणि टोपी काढून पुन्हा घालतील, याची मला खात्री होती.

त्यानंतर ‘अर्धी जोडी’चा प्रयोग मी केला नाही. आणखी दोन नाटकं झाली, त्यात सोपानरावांना दोन-दोन वाक्यांची कामं दिली. ती त्यांनी तितक्याच मनापासून केली, त्याचाही मला संशय आला. एवढ्याशा कामासाठी कुणी लोणीहून येतं का? मग गुडघे गेले, नाटक थांबलं, मी निवृत्त झालो. भेटी थांबल्या. पण दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास, परतीचा पाऊस उघडून शाळूच्या पेरणीचे दिवस आले की सोपानरावांचा फोन यायचा. एकच वाक्य. “सर, वाफसा आलाय. या की बघाया.” मी म्हणायचो, “बघतो, जमलं तर.” आणि फोन ठेवल्यावर अर्धा तास धुमसायचो. वाफशाचं नाटक मी लिहिलं, मला वाफसा बघायला बोलावतोय. टोमणाच की! पुणेकर टोमणा ओळखायला चुकत नाही अशी आमची एक समजूत आहे. मी एकदाही गेलो नाही.

गेलो ते थेट तेराव्याला. अंगणात मंडप होता. मी शिरलो तशी बसलेली माणसं माझ्याकडे बघून बोलायची थांबली. कुणीतरी हलकेच म्हणालं, “ह्येच ते सर.” तीच नजर, तेच थांबलेलं बोलणं... अठरा वर्षांनीही गावाला तेच आठवतंय म्हणायचं! मी जेवलो न जेवलोसा उठलो आणि निघण्यापूर्वी वहिनींना भेटायला आत गेलो. तिथे, त्या घरात, त्यांच्या फोटोसमोर, माझ्या तोंडून ते निघून गेलं. म्हटलं, “वहिनी, एक विचारू? त्या नाटकाच्या दिवशी सकाळी सोपानराव गावात काय सांगत फिरत होते?”

वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना सूर्य कुठून उगवतो ते विचारलं होतं. “म्हंजी? तुमाला ठावं न्हाई? अवं, हसू नका म्हनून सांगत फिरत हुते. सरांनी लिवलंय, बैलांचं चुकलंय, पन मानूस मनाचा चांगला हाय. कुनी दात काढायचं न्हाईत. घरोघर जाऊन शपथा घालून आले. भाकरी खाल्ली न्हवती सकाळधरनं.”

मी म्हटलं, “मग तो ओरडला तो कोण?”

“त्यो माझा भाऊ,” वहिनी म्हणाल्या आणि त्या दुःखातही त्यांना किंचित हसू आलं. “यात्रंला आला हुता. सगळ्या गावाला सांगितलं, आन् घरातल्या मानसाला सांगायचं ऱ्हायलं. वर्षभर बोलले न्हाईत त्याच्याशी.”

“पण ते स्वतः हसत होते, वहिनी. मी पाहिलं.”

“हसले असतील की. त्यांना तर घरी वाचतानाच हसू आवरंना. म्हनून तर गावाची काळजी.”

मग त्या आत गेल्या आणि वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली ‘अर्धी जोडी’ची प्रत घेऊन आल्या. “तुमचं हाय, घेऊन जावा.” मी ती तिथे उघडली नाही. घरी येऊन टेबलापाशी बसलो आणि मग उघडली. पहिल्या पानावर तांबड्या पेन्सिलीने, शाळेतल्या पोराने फळ्यावरून उतरवून घ्यावं तसं लिहिलेलं: ‘शब्द बदलायचा नाही.’ खाली रेघ. आधीच्या नाटकातल्या माझ्या बोलण्याची नोंद त्यांनी या प्रतीवरही उतरवून घेतली होती. पुढे सबंध प्रतीत शिव्या नव्हत्या, टिंगल नव्हती. कुठे ‘सरांचं धोतर बघणे’, कुठे ‘इथं सर दमतात, सावकाश बोलणे’. आणि मग ते पान आलं. माझ्या वाक्यातल्या ‘डाव्या’वर बारीक अक्षरात ‘उजव्या’ लिहून ते खोडरबराने पुसलेलं होतं. कागद घासून पातळ झाला होता, म्हणजे एकदा नव्हे, बऱ्याचदा. वाक्य माझं, म्हणून मला विचारल्याशिवाय इलाज नव्हता. समासात लिहिलं होतं, ‘सरांना विचारायचं.’ त्याखाली दुसऱ्या, निळ्या पेनाने, ‘एकटे असतील तेव्हा.’ आणि त्याच्याही खाली एकच शब्द, ‘राहिलं.’

सवयीने मला इथेही शंका आली. हे त्यांनी मागाहून लिहिलं नसेल कशावरून? पण ‘एकटे असतील तेव्हा’पाशी मी अडलो, कारण मला एक दुपार आठवली. ‘अर्धी जोडी’च्या तालमी सुरू असताना सोपानराव एकदाच माझ्या घरी आले होते. पिशवीभर वांगी घेऊन. दोन जिने चढून आले, खुर्चीच्या कडेला बसले, टोपी गुडघ्यावर ठेवून फिरवत राहिले. दोन कप चहा झाला. मी मनात म्हणत होतो, याला मोठी भूमिका हवी आहे किंवा नातवाला शाळेत प्रवेश. उगाच कोणी वांगी आणत नाही. शेवटी त्यांनी घसा खाकरला. “सर, ते आपलं... बैलांचं...” आणि मी म्हटलं, “सोपानराव, तालमीचं तालमीत.” ते उठले. जाताना दारात म्हणाले, “वांगी आजच करा, कवळी हायेत.”

मला लाज वाटली. इतकी की प्रत मिटून मी गॅलरीत जाऊन त्या रिकाम्या कुंड्यांकडे बघत उभा राहिलो. एका माणसाने माझी चूक चारचौघांत काढायची नाही म्हणून मला एकट्याला गाठायचा प्रयत्न केला; मी ते दार लावून घेतलं; मग त्याने गावाचीच तोंडं बंद करायला घेतली. आणि मी त्याच्या खांद्यांचं हलणं अठरा वर्षं जपून ठेवलं. मैत्रीवर आणि एकमेकांवरच्या अविश्वासावर मी दोन अंकांचं नाटक लिहिलं होतं, त्यावर व्याख्यानंही दिली होती. हे मला कळायला हवं होतं. सोपानरावांनाही एकदा खडसावून विचारावंसं वाटतं, की अहो, एवढी भीड कशाला? मी खाल्लं असतं का तुम्हाला? उत्तर मला माहीत आहे. खाल्लंच असतं.

प्रत आता फोनशेजारी आहे. कपाटात ठेवायची म्हणून रोज उचलतो आणि तिथेच ठेवतो. दसरा झाला. पाऊस उघडून आठवडा होऊन गेला. फोन येणार नाही हे मला पक्कं माहीत होतं, तरी सकाळी अकराच्या सुमाराला, ते करायचे त्या वेळेला, मी खोलीबाहेर जात नव्हतो. तीन दिवस असे काढले. चौथ्या दिवशी मीच त्यांचा नंबर लावला. स्क्रीनवर ‘सोपानराव लोणी’ असं नाव आलं. बराच वेळ वाजला. मग वहिनींचा आवाज.

“वहिनी,” मी म्हटलं, “वाफसा आला का?”

पलीकडे लांबून ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

“आला हुता की,” त्या म्हणाल्या. “गेल्या सोमवारी. पेरून बी झालं सगळं... तुमी लई उशीर केला, भावजी.”